पहिलं कार्ड नेमकं कुठलं?

लहानपणी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं ज्यांनी जमवली आहेत, त्यांना अमेरिकेतलं बेसबॉल कार्डांचं वेड समजावून सांगावं लागत नाही. मीही त्यातलाच. त्यामुळे या कार्डांबद्दल मिळेल ते वाचत असतो, आणि दर वेळी एकाच शब्दापाशी अडतो: 'रुकी कार्ड'. रुकी म्हणजे नवखा खेळाडू. त्याचं पहिलं कार्ड ते रुकी कार्ड, आणि संग्राहकांच्या लेखी मोठा मान त्यालाच. ऐकायला किती सोपं!

पण सगळ्यात गाजलेलं कार्ड घ्या. होनस वॅग्नरचं टी२०६. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या संचातलं. याचं कार्ड छापणं लवकरच थांबलं, म्हणून आज जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. (पोरांनी आपल्या चित्रापायी तंबाखू घेऊ नये म्हणून वॅग्नरने हरकत घेतली, असं सांगतात; पैशांवरून बिनसलं असंही सांगतात. साहेब स्वतः तंबाखू चघळायचे!) २०२२ मध्ये एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला गेली. पण वॅग्नर मोठ्या लीगमध्ये आला १८९७ साली. नवखा कसला, चांगला मुरलेला होता.

मिकी मँटलची तीच गत. त्याचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. रुकी कार्ड मात्र त्याच्या आदल्या वर्षीचं, बोमन कंपनीचं. टॉप्सचं ते कार्ड हंगाम सरताना बाजारात आलं, खपलं नाही, गोदामात पडून राहिलं. शेवटी १९६० मध्ये उरलेला माल अटलांटिक समुद्रात बुडवला, असं टॉप्सचे साय बर्जर यांनीच पुढे सांगितलं.

मग रुकी कार्ड ठरवायचं कसं? साधारण नियम असा, की खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर देशभर विकल्या गेलेल्या नेहमीच्या संचातलं त्याचं पहिलं कार्ड. म्हणूनच बेब रूथचं १९१४ चं 'बाल्टिमोर न्यूज'चं कार्ड या नियमात बसत नाही, कारण तेव्हा तो छोट्या लीगमध्ये होता. अर्थात २०२३ मध्ये त्याला ७२ लाख डॉलर मोजणाऱ्याला त्याची फिकीर नसावी. पुढे कंपन्या मेजर लीगचं तोंडही न पाहिलेल्या पोरांची कार्डं छापू लागल्या आणि इतका घोळ झाला, की २००६ पासून रुकी कार्डावर खास शिक्काच छापायला सुरुवात झाली.

इथपर्यंत सगळी गंमत. मला खुपतो तो नियमातला 'मेजर लीग' हा शब्द. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला, तोवर त्या लीगमध्ये कित्येक दशकं काळ्या खेळाडूंना जागाच नव्हती. ते आपल्या वेगळ्या, 'निग्रो लीग' म्हणवल्या जाणाऱ्या संघांतून खेळत. आता सॅचेल पेजकडे बघा. १९२० च्या दशकापासून गोलंदाजासारखा चेंडू टाकण्याचं काम करणारा, म्हणजे पिचर, आणि कमालीचा नावाजलेला. मेजर लीगमध्ये त्याला पाऊल टाकता आलं जुलै १९४८ मध्ये, बेचाळिसावा वाढदिवस झाल्यावर दोन दिवसांनी! त्याचं लीफ कंपनीचं त्या सुमाराचं कार्ड आज दुर्मिळ 'रुकी कार्ड' म्हणून मिरवतं. वीस वर्षं खेळून झालेला माणूस, आणि नवखा!

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या त्या लीगना मेजर दर्जा दिला. २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले, आणि जॉश गिब्सन .३७२ सरासरीने कारकिर्दीच्या यादीत सगळ्यांच्या वर गेला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्येच वारला होता, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी. संग्राहक त्याचं म्हणून जे कार्ड शोधतात ते प्वेर्तो रिकोत छापलेलं आहे, १९५०-५१ च्या हंगामातलं.