दारूबंदीच्या छायेतील तंबाखू : खानदेशाच्या इतिहासातील एक दुवा

दारू सोडविण्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या रोग्याजवळील तंबाखूची पुडी काढून घ्यावी की राहू द्यावी, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाच्या कक्षेतील समजला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर वैद्यकाने देण्यापूर्वीच भाषेने आणि महसुली कायद्याने देऊन ठेवलेले होते. एकाच मनुष्याच्या दोन आसक्तींपैकी एक 'व्यसन' ठरली आणि दुसरी 'सवय' राहिली, ही घटना कशी घडली हे पाहण्यास खानदेशाचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

'व्यसन' हा शब्द वि + अस् या धातूपासून सिद्ध झालेला असून दूर फेकला जाणे, विपत्ती, हा त्याचा जुना अर्थ होय. कौटिल्याने अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांस वाहिले आहे. त्यात राज्याच्या सातही अंगांवर येणारी संकटे प्रथम येतात, मद्य आणि द्यूत ही पुरुषव्यसने त्यानंतर. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामज दहा आणि क्रोधज आठ अशी अठरा व्यसने मोजली आहेत. त्यांत मद्य आहे, मृगया आहे, दिवसा झोपणेही आहे. तंबाखू नाही, आणि असण्याचा संभवही नव्हता, कारण ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात येथे आली. धर्मशास्त्राच्या यादीत तिला जागा मिळाली नाही ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु पुढील नीतिविचाराची चौकट या यादीनेच घडविली.

खानदेशात या दोन पदार्थांची गाठ एका विलक्षण प्रसंगी पडली. १६०१ मध्ये अशीरगड पडल्यावर अकबराने हा सुभा आपला पुत्र दानियाल याच्याकडे सोपविला व त्याच्या नावावरून प्रांतास 'दानदेश' असे नाव दिले. दानियाल अतिमद्यपी होता. बापाच्या आज्ञेवरून बऱ्हाणपुरास त्याच्यावर पहारे बसविण्यात आले आणि दारूचा थेंबही आत जाणार नाही अशी व्यवस्था झाली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर राजाज्ञेने चालविलेला हा सक्तीचा व्यसनोपचारच होता. तो फसला. जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविल्याप्रमाणे, शहजाद्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत दारू भरून ती चोरून आत नेण्यात आली. नळीतील गंज आणि जुन्या बारुदीचा अंश तीत उतरला, आणि १६०५ मध्ये दानियालचा अंत झाला. मराठीत बंदुकीत ठासावयाची ती 'दारू' आणि प्यावयाची तीही 'दारू'. शिवाय मूळ फारसीत 'दारू' म्हणजे औषध, आणि 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ मराठीनेही जपला आहे. एका शब्दाचे तिन्ही अर्थ एकाच मृत्यूत असे क्वचितच एकत्र येतात.

याच सुमारास, १६०४-०५ मध्ये, विजापूरच्या वकिलातीवरून परतलेल्या असद बेगाने अकबरापुढे तंबाखू आणि रत्नजडित नळी नजर केली. बादशहाने दोनचार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, असद बेगाने तिचे खंडन केले आणि उरलेली तंबाखू दरबारी उमरावांत वाटून टाकली. अकबर स्वतः तिच्या नादी लागला नाही. उमराव मात्र लागले. जहांगिराने १६१७ मध्ये काढलेला तंबाखूबंदीचा हुकूमही फारसा टिकला नाही. दारूसाठी पहारा आणि तंबाखूसाठी नजराणा असा हा आरंभ आहे.

मराठी भाषेने हा भेद पुढे दृढ केला. 'अंमल' या अरबी शब्दास राज्यकारभार आणि कैफ असे दोन्ही अर्थ आले. 'अंमली पदार्थ' या संज्ञेत अफू, भांग, गांजा गेले, तंबाखू बाहेर राहिली. ती पानसुपारीच्या तबकात जाऊन बसली. चंची पुढे करणे हा आतिथ्याचा भाग झाला. अनोळखी माणसाकडे चिमूटभर तंबाखू मागण्यात कोणास कमीपणा वाटला नाही. 'त्याला सुपारीचेही व्यसन नाही' असे प्रशस्तिपत्र देण्याची रीत मराठीत आहे. तीत व्यसनाची पायरी सुपारीपर्यंत खाली येते खरी, परंतु हे अतिशयोक्तीचे वळण आहे. व्यवहारात वर 'निर्व्यसनी' आहे असे सांगितले जाते तेव्हा तो तंबाखू मळत नाही असा अर्थ ऐकणारा बहुधा घेत नाही.

भाषेतील या भेदाला कायद्याचे बळ विसाव्या शतकात मिळाले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मद्य, अफू व गांजा यांवरील अबकारी प्रांतांकडे ठेवली आणि तंबाखूवरील उत्पादनशुल्काचा अधिकार मध्यवर्ती सरकारास दिला. त्या अधिकाराचा वापर करून १९४३ मध्ये, महायुद्धाच्या खर्चाच्या काळात, तंबाखूवर शुल्क बसविण्यात आले. सहाच वर्षांनी मुंबई सरकारने १९४९ चा दारूबंदी कायदा करून मद्याच्या उत्पन्नावर पाणी सोडले. हा कायदा पूर्व आणि पश्चिम खानदेशासही लागू झाला, आणि मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आल्याने सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांना त्याची झळ विशेष लागली. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत हीच वाटणी कायम राहिली. अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक मादक द्रव्ये यांचा उल्लेख आला, तंबाखूचा आला नाही. एक पदार्थ ज्याच्या बंदीचा अभिमान बाळगावयाचा, दुसरा ज्याच्या शुल्काचा हिशेब ठेवावयाचा. हा योगायोग होता असे म्हणणे कठीण आहे. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात मद्य आणि अफू यांच्या जोडीने तंबाखूचाही स्वतंत्र विचार केला होता. कायद्याने त्यातील पहिल्या दोहोंचाच स्वीकार केला.

लोकचळवळींनीही हीच मर्यादा पाळली. तळोदे तालुक्यातील मोरवड येथे संत गुला महाराजांनी १९३७-३८ मध्ये भिल्ल समाजात आरतीच्या निमित्ताने जो मेळावा उभा केला, त्याचा मुख्य आग्रह दारू सोडण्याचा होता. १९७२-७३ मध्ये शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर मोर्चे नेऊन दारूची मडकी फोडली. (तळोदे आणि शहादे हे दोन्ही तालुके तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहेत.) स्त्रियांचा रोख दारूवर असणे स्वाभाविक होते. दारू मजुरी गिळते आणि घरी येऊन मारते. तंबाखू मारते ती वीस-तीस वर्षांनी, आणि कोणावर हात उगारीत नाही. शिवाय तिचा बार पुरुषांप्रमाणे स्त्रियांच्याही गालात असतो, ही गोष्ट चळवळीच्या इतिहासकारांनी क्वचितच लक्षात घेतली आहे.

व्यसनोपचार केंद्रे या वारशावर उभी राहिली. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये स्थापन झाले. त्याच सुमारास, १९८५-८६ पासून, केंद्र सरकारच्या कल्याण मंत्रालयाने मद्य व मादक द्रव्यांच्या व्यसनावरील उपचारकेंद्रांना अनुदान देण्याची योजना चालू केली. तंबाखू नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७-०८ मध्ये निघाला, तो आरोग्य मंत्रालयाच्या हाती. म्हणजे अबकारीची जुनी फाळणी उपचारातही उतरली : रोगी एक, खाती दोन. २०२० मध्ये आरंभिलेल्या मोहिमेस 'नशामुक्त भारत' हे नाव मिळाले आणि 'नशा' हीच कसोटी पुन्हा पुढे आली. तंबाखूची नशा डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा शब्दानेच ती वगळली जाते.

या वगळण्याची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतील हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९७२ ते १९८३ या काळात मद्य व अन्य व्यसनांवर उपचार घेतलेल्या ८४५ रोग्यांचा पाठपुरावा आहे. ज्या २१४ मृत्यूंचे कारण निश्चित झाले त्यांतील ५०.९ टक्के तंबाखूशी निगडित होते, ३४.१ टक्के मद्याशी. दारूतून सोडविलेला मनुष्य तंबाखूने नेला, असा याचा सरळ अर्थ.

दोन व्यसने एकदम सोडविली तर रोगी खचेल, हा यावरील नेहमीचा आक्षेप. तो अगदीच निराधार नाही. जोसेफ व सहकाऱ्यांच्या २००४ च्या चाचणीत, धूम्रपानाचा उपचार मद्योपचाराबरोबरच घेतलेल्या गटाची मद्यवर्जनाची स्थिती तो काही महिन्यांनी घेणाऱ्यांपेक्षा उणी आढळली. परंतु त्याच वर्षी प्रोचास्का व सहकाऱ्यांनी १९ चाचण्यांचे एकत्रित परीक्षण केले, त्यात व्यसनोपचारातच तंबाखूवर उपचार मिळालेल्यांमध्ये मद्य व मादक द्रव्यांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक दिसली. वाद उरतो तो फार तर वेळेविषयी; 'तंबाखू तेवढी राहू द्या' या भूमिकेस यांतून आधार मिळत नाही.

न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये आपली व्यसनोपचार केंद्रे तंबाखूमुक्त करण्याचा नियम केला. तो येथे जसाच्या तसा आणता येईल असे नाही. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखूचे सेवन करतात. त्यांत धूम्रपान करणारे प्रौढांच्या ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. जळगाव वा धुळ्याच्या केंद्राच्या भिंतीवर 'धूम्रपानास मनाई' असा फलक लावला तर तो बहुसंख्य सेवनकर्त्यांस उद्देशूनच होत नाही. चुना लावून मळलेली तंबाखू, मशेरी, मावा यांना धूर नाही. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आल्यानंतरही सुटी तंबाखू आणि सुपारी यांचा व्यवहार निराळ्या पुड्यांतून चालू राहिला. दाखल करताना 'काही व्यसन?' असे विचारल्यास रोगी दारूचे सांगेल आणि तंबाखूचे सांगणार नाही. तो खोटे बोलत नसेल, त्याच्या भाषेत ते व्यसनच नाही. 'दिवसातून किती वेळा मळता? रात्री तोंडात ठेवून झोपता काय? मशेरी लावता काय?' असे क्रियापदांतून विचारावे लागते.

दोन्ही पदार्थ एकाच कार्यक्रमात घेण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात खानदेशाबाहेर झाला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी होती. तेथे २०१६ मध्ये 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने, शासन व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू झाला, आणि त्याच्या उद्दिष्टात दारू व तंबाखू ही दोन नावे पहिल्यापासून शेजारीशेजारी लिहिली गेली. त्याच्या नावातही 'नशा' हा शब्द नाही.