अडीच इंचाची जागा: लॅपटॉप फोनपेक्षा स्लो का?

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. तो म्हणतो, "दादा, माझा फोन बारा हजारांचा, लॅपटॉप अठ्ठावीस हजारांचा. फोनवर ॲप लगेच उघडतं. लॅपटॉप चालू करून मी चहा करून येतो, तरी स्क्रीनवर ते गोल गोल फिरतच असतं. नवीन घ्यायला पैसे नाहीत. काय करू?"

मी त्याला मॉडेल विचारलं. आत १ टीबीची हार्ड डिस्क निघाली, ५४०० आरपीएमवाली. म्हटलं, थांब, तुझा लॅपटॉप वाचेल. पण का वाचेल, हे सांगायचं तर १९५६ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी आयबीएमने रॅमॅक नावाचा कॉम्प्युटर आणला. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेमध्ये रेनॉल्ड जॉन्सन यांच्या टीमने त्याच्यासाठी जगातली पहिली हार्ड डिस्क बनवली होती. कपाटाएवढी, वजन साधारण एक टन. आत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, एकावर एक रचलेल्या, मिनिटाला १२०० फेरे मारणाऱ्या. आणि एवढ्या चकत्या वाचायला हात मात्र एकच! तो लिफ्टसारखा खाली-वर जायचा, हवी ती चकती गाठायचा आणि मग आत सरकायचा. माहिती किती मावायची? पावणेचार एमबीच्या आसपास. म्हणजे आज तुमच्या फोनने काढलेला एक फोटो. अख्ख्या सिस्टिमचं भाडं महिन्याला ३२०० डॉलर.

पुढची तीस वर्षं ही चकती लहान करण्यात गेली. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंचाची डिस्क आणली, १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइमने साडेतीन इंचाची. आणि १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्रेअरीटेक नावाच्या छोट्या कंपनीने अडीच इंचाची, २० एमबीची. प्रेअरीटेक तीनच वर्षांत दिवाळखोरीत गेली. आज तिचं नाव कुणाला माहीत नाही, पण तिने पाडलेलं ते अडीच इंचाचं माप लॅपटॉपच्या दुनियेत ठाण मांडून बसलं. हे माप लक्षात ठेवा, गोष्ट पुन्हा तिथेच येणार आहे.

आता जरा हिशोब करू. रॅमॅकचे पावणेचार एमबी आणि आपल्या श्रोत्याचा १ टीबी. जागा अडीच लाखांहून जास्त पट वाढली! आणि वेग? रॅमॅकच्या हाताला योग्य जागी पोहोचायला सरासरी ६०० मिलीसेकंद लागायचे, लॅपटॉपच्या डिस्कला साधारण १२ लागतात. म्हणजे फक्त पन्नास पट. कारण सरळ आहे. ठिपके बारीक करत गेलं की जागा वाढते, पण हात तो हातच, त्याला हलावंच लागतं. शिवाय ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे. हात पोहोचला तरी हवा तो भाग खाली येईपर्यंत अजून पाच-साडेपाच मिलीसेकंद थांबा. सगळं धरून सेकंदाला जेमतेम साठ ठिकाणं गाठता येतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली मागतं, त्याही इकडे तिकडे विखुरलेल्या. मग चहा होणारच ना!

फोनमध्ये हे फिरणं नाहीच. तिथे फ्लॅश मेमरी असते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि १९८७ मध्ये त्यांच्या टीमने तिचा नँड हा प्रकार जगासमोर मांडला. (कंपनीने योग्य मोबदला दिला नाही म्हणून मासुओकांना पुढे कोर्टात जावं लागलं, हा वेगळ्या भागाचा विषय आहे.) हात नाही, चकती नाही. चिपमध्ये वीज जाते आणि माहिती येते. सेकंदाला साठ नाही, हजारो ठिकाणं.

सुरुवातीला फ्लॅश भयंकर महाग होती. स्वस्त झाली तेव्हा कंपन्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. या एसएसडींना हार्ड डिस्कचाच आकार दिला आणि तेच साटा कनेक्टर लावलं. खरं तर चिपना एवढ्या जागेची गरजच नव्हती. आजही स्वस्तातली अडीच इंची एसएसडी उघडली तर आत बोटाएवढी पट्टी आणि बाकी डबा रिकामा! नसलेल्या चकतीसाठी ठेवलेली ती जागा. पण त्या रिकाम्या डब्यामुळेच जुन्या लॅपटॉपला कळतही नाही की आत काहीतरी वेगळं बसलंय. चार स्क्रू काढा, जुनी डिस्क सरकवून काढा, नवी सरकवा.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. एसएसडी मिळत असतानाही बजेट लॅपटॉप वर्षानुवर्षं '१ टीबी' असा मोठा आकडा लावून विकले गेले, कारण दुकानात २५६ पेक्षा १००० मोठा दिसतो. घेणारा बिचारा आकडा बघतो, आरपीएम कोण बघतं?

आणि आता ही सोयही जातेय. २०१४ च्या एचपी स्ट्रीम ११ मध्ये ३२ जीबीची ईएमएमसी मेमरी थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली होती. त्यानंतर अशी अनेक स्वस्त मशीन आली. त्यात स्क्रू काढून बदलायला काहीच नाही. भरली की भरली. म्हणून नवा असो की सेकंडहँड, लॅपटॉप घेताना रॅमच्या आधी हे विचारा: आत अडीच इंची साटा आहे, एम.२ स्लॉट आहे, की सोल्डर केलेली ईएमएमसी? दुकानदार गडबडला तर मॉडेल नंबर सर्च करा.

आपल्या श्रोत्याने लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची एसएसडी आणली. मी त्याला दोनदा बजावलं होतं की आधी बॅकअप, मग स्क्रू ड्रायव्हर. कालच त्याचा व्हॉइस मेसेज आला, विंडोज वीस सेकंदांत उघडतंय म्हणे. जुनी डिस्क त्याने यूएसबी केसिंगमध्ये घातली, त्यात आता बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत.