'इद्दतीच्या आत' की 'इद्दतीपुरती'?
घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीविषयक निवाड्यांचा मागोवा (१९७८ ते २०२४)

एप्रिल १९७८ मध्ये शाहबानो यांनी इंदूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज दाखल केला. मागणी दरमहा ५०० रुपयांची होती, कारण त्या काळी या कलमाखाली याहून अधिक रक्कम मंजूर करताच येत नसे. विवाह १९३२ चा. पाच अपत्ये झाल्यानंतर, १९७५ मध्ये, त्यांना घराबाहेर पडावे लागले. पती मोहम्मद अहमद खान स्वतः इंदुरातील वकील असून त्यांचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आसपास होते. अर्ज प्रलंबित असतानाच ६ नोव्हेंबर १९७८ रोजी पतीने तलाक दिला, महरचे ३,००० रुपये न्यायालयात जमा केले आणि आता आपल्यावर कोणतीही जबाबदारी उरली नाही असा बचाव घेतला. दंडाधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जुलै १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. सर्वोच्च न्यायालयात गेला तो पती, पत्नी नव्हे.

हा वाद अगदीच नवा नव्हता. १९७३ च्या संहितेने 'पत्नी' या शब्दाच्या व्याख्येत पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचा समावेश केला आणि त्याचबरोबर कलम १२७(३)(ब) मध्ये एक पळवाटही ठेवली: व्यक्तिगत कायद्यानुसार तलाकसमयी देय असलेली संपूर्ण रक्कम दिली गेली असेल, तर पोटगीचा आदेश रद्द व्हावा. ही रक्कम म्हणजे महर, असे पतीच्या वतीने सांगितले जाई. मुंबईहून गेलेल्या बाई ताहिरा प्रकरणात (१९७८) आणि त्यानंतर फजलुन्बी प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले होते. नाममात्र महर हा पोटगीचा पर्याय होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. या दोन निवाड्यांविषयी शंका घेतली गेली म्हणून शाहबानो प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे आले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी पतीचे अपील फेटाळले.

निर्णयाचा कायदेशीर गाभा एवढाच होता, आणि तो संहितेच्या शब्दांवर सहज उभा राहत होता. परंतु निवाड्यात कुरआनातील आयतींचा अर्थ लावला गेला आणि समान नागरी कायद्याविषयी मतप्रदर्शनही झाले. निकालासाठी या दोन्हींची आवश्यकता नव्हती. पुढे जो क्षोभ उसळला, त्यात १७९ रुपयांचा प्रश्न मागे पडला आणि ओळखीचा प्रश्न पुढे आला. वृद्ध शाहबानो यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस हा निवाडा आपल्याला मान्य नसल्याचे जाहीर केले. ज्या स्त्रीच्या नावाने हा सारा वाद झाला, तिच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

१९८६ च्या मे महिन्यात मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियम अमलात आला. या कायद्याने घटस्फोटितेचा हक्क हिरावून घेतला, असेच त्याचे विरोधक म्हणत आणि बहुतेक समर्थकही तसेच समजत. दोन्ही बाजूंनी कलम ३(१)(अ) बारकाईने वाचले असते तर गैरसमज लवकर दूर झाला असता. पूर्वपतीने 'वाजवी व न्याय्य तरतूद आणि निर्वाहखर्च' इद्दतीच्या काळाच्या आत करावा व द्यावा, अशी त्या कलमाची रचना आहे. तरतूद करावयाची आहे, निर्वाहखर्च द्यावयाचा आहे, आणि दोन्ही 'आत'. काळाच्या आत देणे आणि काळापुरते देणे यात किती अंतर आहे हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. महिन्याच्या आत फेडलेले कर्ज हे काही महिन्यापुरते कर्ज नसते.

या एका शब्दाने उच्च न्यायालयांत मात्र दोन तट पाडले. गुजरात उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये अरब अहमदिया अब्दुल्ला प्रकरणात 'तरतूद' ही इद्दतीनंतरच्या आयुष्यासाठीही असते असे ठरवले. केरळचाही कल तोच होता. याउलट आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९० मध्ये उस्मान खान बहामनी प्रकरणात पतीची जबाबदारी इद्दतीबरोबर संपते असा अर्थ लावला. हैदराबादची घटस्फोटिता आणि बडोद्याची घटस्फोटिता एकाच अधिनियमाखाली होत्या, पण एकीला तीन महिन्यांचा खर्च आणि दुसरीला भविष्याची तरतूद, अशी अवस्था दहा वर्षांहून अधिक काळ राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये करीम अब्दुल रहमान शेख प्रकरणात गुजरातचा मार्ग स्वीकारला.

अखेर २८ सप्टेंबर २००१ रोजी घटनापीठाने दानियल लतीफी विरुद्ध भारत संघ या याचिकेत निर्णय दिला. दानियल लतीफी हे शाहबानो यांचे वकील; अधिनियम घटनाबाह्य ठरवावा अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. न्यायालयाने अधिनियम वैध ठरवला, मात्र इद्दतीच्या आत केलेली तरतूद ही इद्दतीनंतरच्या जीवनालाही पुरणारी असली पाहिजे, असे सांगून. याचिका हरली आणि तिचा हेतू सफल झाला. योगायोग असा की, त्याच्या अवघे चार दिवस आधी, २४ सप्टेंबर २००१ रोजी, कलम १२५ मधील ५०० रुपयांची मर्यादाही दुरुस्तीने काढून टाकण्यात आली होती.

यानंतर पतीपक्षाचा भर दुसऱ्या मुद्द्यावर गेला. पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना 'मी पूर्वीच तलाक दिला आहे' असे एक वाक्य लिहायचे आणि त्या तारखेपासून इद्दत मोजायची, ही जुनीच रीत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने दगडू छोटू पठाण प्रकरणात (मे २००२) आणि पाच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात ही वाट बंद केली. तलाक दिला असे म्हणणे म्हणजे तलाक सिद्ध करणे नव्हे. वाजवी कारण, दोन्ही कुटुंबांच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष उच्चारण यांचा पुरावा हवा. कुरआनातील समेटाच्या आदेशाशी हे सुसंगत आहे. या दोन निवाड्यांचा उपयोग तालुका न्यायालयांतील वकिलांनी अजून पुरेसा केलेला नाही.

तरीही एक प्रश्न राहिला होता. १९८६ नंतर घटस्फोटितेला कलम १२५ चे दार बंद झाले का? २००७ च्या इक्बाल बानो निवाड्याचा सूर बंद झाल्याचाच होता. फक्त तो अर्ज १९८६ च्या अधिनियमाखालचा समजावा अशी सवलत त्यात होती. ग्वाल्हेरच्या शबाना बानो यांना कुटुंब न्यायालयाने इद्दत संपेपर्यंतचीच पोटगी दिली आणि उच्च न्यायालयाने ते कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर २००९ रोजी ते आदेश रद्द केले. पुनर्विवाह होत नाही तोपर्यंत कुटुंब न्यायालयात कलम १२५ चा अर्ज चालेल, असे सांगून प्रकरण ग्वाल्हेरला परत पाठवले. पण वेगवेगळ्या पीठांचे निर्णय हाताशी असल्याने वकीलमंडळी दोन्ही बाजूंनी दाखले देतच राहिली.

त्याचा निकाल लागला तो हैदराबादच्या प्रकरणात. कुटुंब न्यायालयाने २०२३ मध्ये दरमहा २०,००० रुपयांची अंतरिम पोटगी दिली. तेलंगणा उच्च न्यायालयाने ती १०,००० वर आणली. पती मोहम्मद अब्दुल समद यांनी, १९८६ चा विशेष अधिनियम असताना कलम १२५ लागूच होत नाही, हा मुद्दा पुन्हा उचलला. १० जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना व न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी स्वतंत्र परंतु एकमताच्या निवाड्यांनी अपील फेटाळले. दोन्ही कायद्यांचे उपाय घटस्फोटितेला खुले आहेत. ती एक निवडू शकते किंवा दोन्ही वापरू शकते. १९८६ च्या अधिनियमाखाली मिळालेली रक्कम पोटगीच्या आदेशावेळी विचारात घ्यावी लागेल, इतकेच.

वकिलाच्या दृष्टीने आता प्रश्न अधिकाराचा नसून निवडीचा आहे. दरमहा पोटगी परिस्थितीनुसार वाढवून घेता येते, पण ती पुनर्विवाहाने थांबते आणि वसुलीसाठी वारंवार अर्ज करावे लागतात. कलम ३ खाली महर, स्त्रीधनाच्या वस्तू आणि तरतूद एकत्र मागता येतात, रकमेला कमाल मर्यादा नाही, आणि एका महिन्यात निर्णय द्यावा असे अधिनियमच म्हणतो (प्रत्यक्षात काय घडते ते सर्वांस ठाऊक आहे). शिवाय चिपळूणच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये असे ठरवले की, घटस्फोटितेने पुनर्विवाह केला तरी कलम ३ खालची एकरकमी तरतूद तिला मिळालीच पाहिजे; तेथे ती रक्कम ९ लाख रुपये होती. तरुण स्त्रीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. कोणताही मार्ग घेतला तरी रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निवाड्यानुसार दोन्ही पक्षांनी मिळकत व दायित्वांचे शपथपत्र देणे आवश्यक आहे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची आहे. पतीचे उत्पन्न दडवले जाणे हीच अशा खटल्यांतली सर्वांत मोठी अडचण असल्याने हे शपथपत्र काळजीपूर्वक तपासावे.

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. त्या तारखेपूर्वी दाखल झालेले अर्ज जुन्या संहितेनुसारच चालतात, त्यामुळे अर्जाच्या शीर्षकात कलम लिहिताना दाखल दिनांक पाहून घ्यावा.