दाविदाची वीणा आणि सातपुड्याचे धनुष्य

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या उंच रांगांमध्ये मोलगी हे बाजाराचे गाव वसले आहे. आमचुरासाठी त्याची ख्याती आहे, आणि होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारासाठी तर ती अधिकच आहे. जवळच्याच काठी संस्थानची होळी पहाटे पेटते. तिच्याभोवती कमरेला घुंगरांचे पट्टे व वाळलेले भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक रात्रभर ढोलाच्या ठेक्यावर नाचतात. ढोल, मांदळ, पावा आणि घुंगरू ही येथील वाद्ये. तंतुवाद्याचा विचार करू लागलो, तर या मुलखातील ताणलेली तार आठवते ती धनुष्याची. भिलांच्या पारंपरिक धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची असते.

संगीताच्या इतिहासकारांपैकी अनेकांचे मत असे आहे की, हार्प या वाद्याचा मूळ पुरुष म्हणजे शिकाऱ्याचे धनुष्य. बाण सुटताच दोरी जो नाद करते, तो माणसाच्या कानाला गोड वाटला. मग त्याने एका दोरीच्या अनेक दोऱ्या केल्या आणि नाद घुमावा म्हणून खाली पोकळ भांडे जोडले. हे मत ग्राह्य धरले तर हार्प हे वाद्य आपल्याला परके मानण्याचे कारण उरत नाही. तरीही आपण ते परके मानतो. देवदूतांच्या चित्रांत, युरोपातील राजवाड्यांत आणि अलीकडे पाश्चात्त्य गायिकांच्या हाती आपण ते पाहतो, आणि आपल्या मातीशी त्याचा काही संबंध असेल अशी शंकाही आपल्या मनाला शिवत नाही. हा संबंध शोधणे, तो का तुटला हे पाहणे आणि त्यातून आपल्या ख्रिस्ती गीताने काय शिकावे याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

एका शब्दाची गोष्ट

आरंभ आपल्या पवित्र ग्रंथापासून करू. शौल राजाचे मन अस्वस्थ झाले की मेंढपाळ दाविद वाद्य छेडून त्याला शांत करीत असे, असे शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा सोळावा अध्याय सांगतो. त्या वाद्याचे हिब्रू नाव 'किन्नोर'. स्तोत्राला युरोपीय भाषांत जो 'साम' हा शब्द आहे, त्याच्या मुळाशी तारा छेडणे हा अर्थ असलेला ग्रीक शब्द आहे. म्हणजे स्तोत्र ही केवळ म्हणण्याची नव्हे, तर तारेवर गाण्याची गोष्ट होती. स्वतःच गीत रचणारा, स्वतःच गाणारा आणि स्वतःच वाद्य छेडणारा जो कलावंत आजच्या लोकप्रिय संगीतात आपण पाहतो, त्याचा आपल्या परंपरेतील पूर्वज दाविद होय.

काटेकोर बोलायचे तर किन्नोर हे हार्प नव्हते. दोन उभ्या बाहू व त्यांना जोडणारी आडवी दांडी, अशा घडणीचे ते 'लायर' जातीचे वाद्य होते. मध्ययुगीन युरोपातील चित्रकारांनी आपल्या ओळखीचे हार्प दाविदाच्या हाती दिले आणि तेच चित्र जगभर रूढ झाले. मराठी भाषांतरकारांनी 'वीणा' हा शब्द योजला. वाचकाच्या डोळ्यांपुढे मग सरस्वतीच्या मांडीवरची, पडदे असलेली लांब दांडीची वीणा येते आणि हा शब्द चुकला की काय असे वाटू लागते. परंतु शब्द चुकलेला नाही; आपली आठवण मात्र तोकडी आहे.

१९३० साली आनंद कुमारस्वामी यांनी वीणेच्या अवयवांवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्राचीन ग्रंथांतील वर्णने आणि जुनी शिल्पे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दाखवून दिले की, प्राचीन भारतीयांची वीणा ही धनुष्याकृती हार्पच होती. भरताच्या नाट्यशास्त्रात सात तारांच्या 'चित्रा'चा व नऊ तारांच्या 'विपंची'चा उल्लेख आहे. पहिली बोटांनी छेडीत, तर दुसरीसाठी 'कोण' नावाची नखी वापरीत. या वाद्यांत पडदे नसत. प्रत्येक तारेला आपला एकच स्वर असे.

या वीणेचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच दगडात कोरलेला आहे. पुणे जिल्ह्यात मळवली स्थानकापासून जवळ भाजे येथे जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतील एका विहाराच्या ओसरीत एक शिल्पपट आहे. वृक्षाखाली राजपुरुष बसला आहे, त्याच्यापुढे नर्तिका नाचते आहे आणि शेजारी बसलेली व्यक्ती धनुष्याकृती वीणा छेडीत आहे. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांतील होत. म्हणजे प्रभू येशूच्या जन्माआधी सह्याद्रीच्या कुशीत हार्प वाजत होते! भारहूत, सांची आणि अमरावती येथील शिल्पांतही ते आहे. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताने तर आपल्या सुवर्णनाण्यांवर स्वतःची जी प्रतिमा कोरवून घेतली, तीत तो मांडीवर अशीच वीणा घेऊन बसला आहे. शौर्याची बिरुदे मिरविणाऱ्या राजाला वादक म्हणूनही लोकांच्या स्मरणात राहावेसे वाटले, ही गोष्ट दाविदाची आठवण करून देणारी आहे.

जातककथांत गुत्तिल नावाच्या वाराणसीच्या वादकाची कथा आहे. वृद्ध गुत्तिलाला त्याचाच शिष्य मूसिल स्पर्धेचे आव्हान देतो. इंद्राच्या सल्ल्यावरून गुरू भर सभेत एकेक तार तोडत जातो, तरी वीणा वाजतच राहते. शिष्याचे वाद्य मात्र तार तुटताच मुके होते. या कथेत आपल्या विषयाचे मर्म आहे. कारण भारतीय हार्पच्या ताराही काळाच्या ओघात एकेक करून तुटत गेल्या.

वीणा मुकी झाली

इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ही वीणा भारतीय शिल्पांतून हळूहळू दिसेनाशी होते आणि तिचे नाव दांडीच्या वीणेला मिळते. याचे कारण अभ्यासक संगीताच्या स्वरूपातच शोधतात. रागसंगीताचा जीव मींड आणि गमक यांत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे तर एकच तार दाबता, ओढता आली पाहिजे. हार्पची मोकळी तार आपल्या स्वरावरून ढळत नाही. गाणे बदलले, आणि नव्या गाण्याला जुने वाद्य पुरेनासे झाले. काश्मीरच्या संतूरवरही असाच आक्षेप घेतला गेला होता. परंतु १९५५ साली मुंबईच्या मंचावर शिवकुमार शर्मा यांनी ते वाजविले आणि पुढील वर्षांत वाद्यात व वादनशैलीत बदल करून त्याला रागसंगीतात स्थान मिळवून दिले. हार्पला त्या काळी असा कैवारी भेटला नाही.

तथापि वीणा सर्वस्वी मेली नाही. बौद्ध धर्माबरोबर ती ब्रह्मदेशात गेली आणि 'सौंग' या नावाने तेथे मानाचे वाद्य झाली. अफगाणिस्तानातील नुरिस्तानच्या डोंगरांत तिचा एक भाऊबंद टिकला. आणि खुद्द भारतात? १९८५ साली रॉडरिक नाईट या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने मध्य प्रदेशातील मंडला भागातील 'बीन-बाजा'विषयी लिहिले. गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गाणारे परधान गायक हे पाच तारांचे वाद्य वाजवीत. कातडे मढविलेल्या लाकडी पोकळीतून निघालेली कमान आणि तिला बांधलेल्या तारा, अशी ही भाजे येथील वीणेची थेट वारसदार! राजदरबारांनी जिला विसरून टाकले, तिला डोंगरातील गरीब आदिवासी गायकांनी दीड सहस्र वर्षे जपले. हे कसे घडले? वाद्याबरोबर त्याचे गाणेही जिवंत राहिले, हेच त्याचे उत्तर आम्हाला दिसते. जोवर कथा गायची होती, तोवर बीन-बाजा लागत होता.

बुडालेल्या नगरीचे गाणे

विसाव्या शतकात हार्प लोकप्रिय संगीतात परतले, ते फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रिटनी या कॅथॉलिक मुलखातून. तेथील ब्रेटन भाषा बोलल्याबद्दल शाळांतून मुलांना शिक्षा होत असे. तेथील जुने हार्पही शतकानुशतके नामशेष झाले होते. १९५३ साली एका पित्याने जुन्या नमुन्यांवरून ते पुन्हा घडविले आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. तो मुलगा म्हणजे आलाँ स्तिव्हेल. १९७१ साली त्याची केल्टिक हार्पच्या पुनर्जन्मावरील ध्वनिमुद्रिका निघाली. १९७२ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या ऑलिम्पिया सभागृहात त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांच्या साथीत हार्प वाजवून ब्रेटन गीते गायिली, आणि ज्या भाषेची लाज वाटायला शिकविले होते तीच भाषा तरुणांच्या ओठी आली.

त्या ध्वनिमुद्रिकेतील पहिली रचना 'ईस' या नगरीवर आहे. ईस ही समुद्राने गिळलेली ब्रेटन दंतकथेतील नगरी. राजकन्येच्या हातून धरणाचे दार उघडले गेले, लाटा आत आल्या आणि संत ग्वेनोले यांनी राजाला तेवढे वाचविले, अशी ती कथा. २००६ साली अमेरिकेतील जोआना न्यूसम या हार्पवादक गायिका-गीतकारानेही आपल्या ध्वनिमुद्रिकेला हेच नाव दिले. आपल्या मुंबईतही २०१० नंतरच्या दशकात नश लुईस यांनी हार्पवर स्वतः रचलेली इंग्रजी गीते गायिली. चेन्नईत तरुण शेखर या वाद्यकारागिराने तमिळ 'याळ' हे प्राचीन हार्प २०२० च्या सुमारास पुन्हा घडविले आणि ते नव्या तमिळ गाण्यात वाजू लागले. या दोन प्रयत्नांपैकी दुसऱ्याचे मोल आम्हाला अधिक वाटते, कारण तेथे वाद्य आपल्या भाषेसह परतले.

ख्रिस्तसभेचा वाटा

या इतिहासात ख्रिस्तसभेचाही भाग आहे आणि तो प्रांजळपणे सांगितला पाहिजे. गोव्यात १७३६ साली धर्मन्यायासनाच्या हुकूमनाम्याने नवख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील देशी वाद्ये व गाणी यांवर बंदी घातली. तरी घुमट टिकला. मांडो या गीतप्रकाराने त्याला जवळ केले आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला वारसावाद्य म्हणून घोषित केले. येथेही वाद्याला गाण्यानेच तारले. १९०३ साली दहावे पायस यांनी पियानो, ढोल व झांजा ही वाद्ये चर्चमध्ये निषिद्ध ठरविली. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे त्याचा ११९ वा परिच्छेद सांगतो. पुढचा परिच्छेद ऑर्गनचा गौरव करून इतर योग्य वाद्यांनाही दार उघडतो. जो ढोल १९०३ साली दाराबाहेर होता, त्याला आत येण्याचे निमंत्रण मिळाले.

त्या निमंत्रणाचा आपण किती उपयोग केला? आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंद कीबोर्डवर समाधानी असतात. सातपुड्यातील लग्नांच्या टिमली नाचातही आज कीबोर्ड व मोठे ध्वनिवर्धक आले आहेत. यात दोष काढण्याचे कारण नाही. स्तिव्हेलनेही विजेची वाद्ये घेतलीच. प्रश्न एवढाच आहे की, नव्या वाद्याबरोबर जुने गाणे चालत आहे, की मागे राहून जात आहे?

मोलगीच्या परिसरात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना ग्रासले. मणिबेली हे त्यांतील पहिले. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस भरला. ईस ही दंतकथा असेल. ही गावे दंतकथा नव्हेत. त्यांतील कित्येक कुटुंबे डोंगर व नदी सोडून सपाटीवरच्या वसाहतींत आली. १३७ वे स्तोत्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना बाबेलच्या नद्यांकाठी झाडांवर वीणा टांगून बसलेले निर्वासित आठवतील. परक्या भूमीत गावे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. परंतु त्या न गाण्याचेही त्यांनी गीतच केले आणि ते आजवर जगभर गायिले जाते.

मोलगीला हार्प नेऊन बसवावे, असे आम्ही म्हणत नाही. तेथील पावा आणि ढोल ही दाविदाच्या वीणेची सख्खी भावंडे आहेत. त्या भागात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी व धर्मशिक्षकांनी वयोवृद्ध गायकांची गाणी आजच ध्वनिमुद्रित करावीत. देहवाली, पावरी या बोलींतील स्तोत्रे मराठीतून उतरविण्यापेक्षा त्या बोलींत गाणाऱ्यांकडूनच रचून घ्यावीत, आणि त्या गाण्यांना मिस्सेत मानाचे स्थान द्यावे. होळीला रात्रभर गाणारा तरुण रविवारी मुका बसत असेल, तर उणीव त्याच्या श्रद्धेत शोधण्यापूर्वी आपल्या गायनवहीत शोधावी. भाजे येथील वीणा दगडात राहिली आणि मंडल्याची माणसांच्या कंठी राहिली. यांपैकी कोणता वारसा आपल्याला हवा आहे, हे आपण ठरवायचे आहे.