तळटीप : ०३/०४/२०२४
१२. मूळ लेखकाने येथे तारीख '०३/०४/२०२४' अशी दिली आहे. आपण ती ३ एप्रिल अशी वाचू. लिनक्सवरची ग्नू 'डेट' आज्ञा मात्र अमेरिकी वळणाने ४ मार्च समजते. तिला छापायचा साचा सांगता येतो, वाचायचा नाही. '१३/०४' दिले तर ती निदान 'अवैध तारीख' म्हणून अडते; बारापर्यंतचे दिवस बिनबोभाट उलटे होतात, आणि खरा घोळ तोच. मॅकवरच्या 'डेट'ला 'डॅश-एफ'पुढे 'टक्का-डी/टक्का-एम/टक्का-वाय' (वाय कॅपिटलच, छोटा वाय वर्षाचे दोनच अंक धरतो) असा वाचनाचा साचा देता येतो. सोबत 'डॅश-जे' हवे, नाहीतर ती यंत्राचे घड्याळच बदलायला जाते. प्रस्तुत आवृत्तीत तारखा २०२४-०४-०३ अशा केल्या आहेत.