वेठबिगार : चांदा–गडचिरोलीचा वनप्रदेश

मजुरी न देता, किंवा नावापुरती देऊन, सत्तेच्या धाकाने करून घेतलेले काम म्हणजे वेठ. जमीनदारी मुलखात माडिया-गोंडांना अंमलदारांची ओझी वाहावी लागत. जंगले राखीव झाल्यावर जंगलखात्याची कामेही त्यांच्याच माथी आली.

हेमलकशाजवळ भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात फेब्रुवारी १९१० मध्ये भूमकाल उठाव झाला. राखीव जंगले आणि बेगार ही त्याची दोन ठळक कारणे. उठाव चिरडला गेला, पण त्याचा नेता गुंडाधूर इंग्रजांच्या हाती लागला नाही.

तुलनेसाठी अमेरिका पाहा: तिथल्या यादवीआधीचा झगडा गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची का, यावर होता. १८५४ च्या कायद्याने कॅन्ससचा निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांवर सोपवला, आणि दोन्ही बाजूंचे लोक तिथे हत्यारे घेऊन उतरले. गडचिरोलीत प्रश्न उलट्या बाजूने आला: देशभर लागू झालेली बंदी जंगलात पोचणार कधी? संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार १९५० मध्येच निषिद्ध ठरवली होती. १९७६ च्या कायद्याने कर्जापोटी बांधलेले मजूर मुक्त केले. त्याआधी, २३ वे कलम लागू असतानाही, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला आले त्या काळात व्यापारी मिठाच्या बदल्यात माडियांकडून मोलाची चारोळी नेत. तेंदूपानांच्या व्यापारावर १९६९ पासून सरकारी नियंत्रण होते, पण पुड्यामागे तोडणाऱ्याच्या हाती काय पडायचे ते ठेकेदाराच्या मर्जीवर राहिले. ही लूट उघडउघड चालली होती.

१९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी सिरोंचा भागात शिरले. तेंदू आणि बांबूतोडीची मजुरी वाढवा, ही त्यांच्या पहिल्या मागण्यांपैकी एक. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात निकाल दिला: किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीही सक्तीची मजुरीच.

तोवर बंदुका आल्या होत्या. १९९० मध्ये पोलिसांचे सी-६० पथक स्थानिक तरुणांतून उभे राहिले, आणि ज्यांच्या मजुरीवरून वाद पेटला त्यांचीच मुले दोन्हीकडे लढू लागली.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला.