तासाचे पैसे

हिवरखेड नावाची गावं वऱ्हाडात एकाहून जास्त आहेत. एक अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरं अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. माझी मावसबहीण राहते ते तेल्हाऱ्याकडचं. तिच्या मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज मी पुण्यात बसून भरत होतो आणि ताई फोनवर माहिती सांगत होती. मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न. अपंगत्वाचे प्रकार एकवीस. त्यात ऑटिझम सापडला. पुढे टक्केवारीचा विषय निघाला तेव्हा तिनं विचारलं, "मंग थो सत्तर टक्के निघाला, तं थेरपीचे सत्तर टक्के सरकार देते काय?"

मी हसलो आणि लगेच ओशाळलो, कारण तिचा प्रश्न अगदी सरळ होता. कागदावर टक्के लिहून देणारं सरकार त्या टक्क्यांचं पुढे करतं काय? यादीतला एखादा पर्याय कधी आणि कोणी घातला हे खणत बसणं आमच्या धंद्यातली खोड आहे. पुढचं वाचन त्यातूनच झालं.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानं अमेरिकेत ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तो १९४३ साली. त्यानंतर कितीतरी वर्षं दोष आईच्या थंडपणावर ढकलला गेला. आईचाच दोष म्हटल्यावर सरकारनं पैसे कशाचे द्यायचे? शिकवून फरक पडतो, हा विचार रुजायला वेळ लागला. १९८७ मध्ये ओले इवार लोवास यांनी १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास शिकवल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली ९ मुलं सामान्य वर्गात रुळली असा त्यांचा दावा होता. त्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, स्वमग्न प्रौढांनीही केली, आणि मला ती बरीचशी पटते. पण त्या अभ्यासानं एक गोष्ट पक्की केली: या उपचाराचं माप तास हे आहे. तीन वर्षांच्या मुलासमोर कोणीतरी शिकलेलं माणूस बसतं आणि 'दे' म्हणायला शिकवतं. आठवड्यातून इतके तास, अशी काही वर्षं. त्यात गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, शिबिरात वाटायचं उपकरणही नाही.

आपल्या सरकारी हिशेबात हे माप कधी बसलंच नाही.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा घ्या. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता नव्हती. ज्या मुलाची बुद्धी ठीक पण बोलणं आणि माणसांशी जुळणं अवघड, त्याला या सातांत जागा नव्हती. मग एकतर त्याला मतिमंद म्हणून घ्यायचं, नाहीतर कागदाविना राहायचं. २०११ च्या जनगणनेतही हा रकाना नव्हता. देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाखांवर, आणि त्यात स्वमग्न किती हे कोणालाच सांगता येत नाही. ती सगळी 'इतर' मध्ये, 'मतिमंद' मध्ये, किंवा कुठेच नाहीत.

कायद्यात हे नाव आधी आलं ते १९९९ मध्ये, राष्ट्रीय न्यास कायद्यात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चौघांसाठीचा हा कायदा. केंद्रानं एकदाच १०० कोटी रुपये द्यायचे आणि त्याच्या उत्पन्नातून काम चालवायचं, अशी त्याची रचना. त्याचा मोठा भाग पालकत्वाबद्दल आहे: मूल अठरा वर्षांचं झालं की कायदेशीर पालक कोण, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ठरवायचं. म्हणजे 'आमच्या माघारी याचं कोण' ही आईबापांची रात्रीची भीती कायद्यात उतरली. ती खरी आहे, ताईलाही आहे. पण 'तिसऱ्या वर्षी याला कोण शिकवेल' हा प्रश्न त्या भीतीमागे पडला.

आमच्या भागात या भीतीला मिळालेलं सगळ्यात मोठं उत्तरही त्याच जातीचं आहे. हिवरखेडहून अकोट, अंजनगाव करत परतवाड्याकडे गेलं की वझ्झर लागतं. तिथल्या अंबादासपंत वैद्य बालगृहात शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या १२३ अपंग मुलामुलींना आपलं आडनाव दिलं. अठरा वर्षं झाली की बालगृहातून बाहेर, हा नियम अशा मुलांसाठी बदला, ही त्यांची जुनी मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वऱ्हाडात अपंग मुलांचं काम म्हटलं की लोक वझ्झरचंच नाव घेतात, आणि घ्यावंच. तरी ते काम निवाऱ्याचं आहे. ज्यांच्या मुलाला घर आहे आणि हवा आहे तो रोजचा एक तास, त्यांची गोष्ट निराळी.

त्या तासाच्या सगळ्यात जवळ सरकार पोचलं ते ६ फेब्रुवारी २०१३ ला, आणि तेही महाराष्ट्रातच. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. पथकानं अंगणवाड्या वर्षातून दोनदा तपासायच्या, शाळा एकदा. तीसेक व्याधींच्या यादीत स्वमग्नता आहे. लक्षण दिसलं की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असावेत आणि उपचार मोफत असावेत, अशी आखणी. मला ही योजना मनापासून आवडते. कागदावर तिच्यात फार खोट नाही. मात्र तपासणी गावात येते आणि उपचार जिल्ह्याला राहतो. हिवरखेडहून अकोला साठ-सत्तर किलोमीटर. मोतीबिंदूसाठी माणूस एवढं अंतर एकदा जातो. वाचा उपचारासाठी आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं जायचं म्हटलं तर घरातल्या एका माणसाची मजुरी कायमची बुडाली.

२०१६ च्या कायद्यानं सातांचे एकवीस प्रकार केले. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेनं बनवलेली भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण, ७० पासून पुढे स्वमग्नता. या गुणांवरून टक्के ठरतात आणि ४० टक्क्यांना दार उघडतं. आमचं एक मोजमाप असंच एका सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ रजेवर म्हणून दोनदा पुढे गेलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा पोरगं दमून झोपलं होतं.

दाराआड काय आहे? राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत. पण त्यात थेरपीला वेगळी, बरीच लहान मर्यादा आहे, आणि पैसे आधी आपण भरायचे, बिलं जोडायची, मग परत मिळवायचे. बिल न देणाऱ्या थेरपिस्टकडे जाणाऱ्यांनी काय करायचं? संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना दरमहा दीड हजार होते, २०२५ मध्ये अडीच हजार झाले. ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात, हे आमच्याकडे बच्चू कडूंच्या आंदोलनांमुळे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बऱ्याच गावांत ते पैसे सगळ्यांना सारखे वाटून टाकतात. त्यावरून कोणी भांडत नाही, पण एवढ्याशा वाट्यात तास विकत येत नाही. तीच रक्कम चार गावांनी एकत्र करून एक फिरता वाचा उपचारतज्ज्ञ ठेवला तर? मी हे ताईच्या नवऱ्याला बोललो. भाऊजी म्हणाले, "वाटप बंद कराले कोन सांगन?"

श्रीमंत देशांत हे सुटलंय असं मला वाटायचं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या पालकांनी याच तासांसाठी सरकारवर खटला भरला आणि खालची दोन्ही न्यायालयं जिंकली. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला: आरोग्य कायद्यानं हा उपचार देण्याचं वचनच दिलेलं नाही, आणि द्यायचा की नाही हे विधिमंडळानं ठरवावं. आपल्या एकवीस प्रकारांच्या कायद्यातही एखाद्या मुलाला अमुक तास थेरपी मिळेल असं वाक्य नाही.

मला जास्त कामाचं वाटलं ते गोव्याचं. संगात ही संस्था, गौरी दिवाण आणि त्यांचे सहकारी, शिवाय पाकिस्तानातलं रावळपिंडी. ६५ मुलांवरच्या या प्रयोगात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांनाच शिकवलं: मुलासोबत खेळताना थांबायचं कधी, त्याच्या इशाऱ्याला उत्तर कसं द्यायचं. निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. आईवडिलांचा प्रतिसाद मुलाशी जास्त जुळू लागला, मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. सगळ्याच बाबतीत सुधारणा झाली नाही. पण अशी कार्यकर्ती हिवरखेडमध्ये मिळू शकते, वाचा उपचारतज्ज्ञ नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होतं, २ ते ९ वयाच्या मुलांत शंभरात साधारण एक मूल स्वमग्न आढळलं. त्या हिशेबानं ताईच्या गावात ती एकटी आई नाही. बाकीच्या कोण, हे तिला माहीत नाही.

प्रमाणपत्र आलं, साठ टक्क्यांचं. आता एसटीत मुलाला ७५ टक्के सवलत आहे, आणि ताईला बाईमाणूस म्हणून २०२३ पासून अर्धं तिकीट. अकोल्यात खाजगी थेरपिस्टचा तास पाचशेचा, त्यात सवलत नाही. सकाळी आठच्या गाडीनं निघायचं, अकोटला गाडी बदलायची, पाऊण तास थेरपी, संध्याकाळी परत. कपाशीची वेचणी सुरू झाली की दोन महिने तेही बंद. त्या दिवसांत ती मला रात्री व्हिडिओ पाठवते: पोरगं वाटीकडे बोट दाखवतंय आणि ती, शिकवल्याप्रमाणे, वाटी हातात धरून थांबली आहे.